दोनशे कार्डांच्या मावशी

डॉक्टरच्या खोलीत मावशी आधी एकट्याच शिरायच्या. पेशंट, म्हणजे त्यांचा नवरा, बाहेर बाकावर बसलेला असायचा. आत गेल्यावर त्या खुर्चीवर बसायच्या नाहीत. पिशवीतून कामगार विम्याचं कार्ड काढायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि डॉक्टरला अक्षरं सरळ वाचता येतील असं ते बोटाने फिरवायच्या. मग विचारायच्या, "ह्ये चालतं का? चालत असंल तर पेशंट आत आणते."

बहुतेक ठिकाणी ते चालत नसे. कुणी हसून मान हलवायचं, कुणी पंख्याकडे बघायचं. एकजण म्हणाले, "मावशी, हे फुकटातलं काम इथे नाही होत."

"फुकट नाय सायेब, पगारातून कापलेलं हाय," एवढं बोलून मावशींनी कार्ड उचललं आणि त्या बाहेर आल्या. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आजही कुठे फुकट हा शब्द कानावर आला की पुढचं मी मनातल्या मनात पुरं करतो.

मी तेव्हा मुरबाडच्या एमआयडीसीत, प्लॅस्टिकच्या पाइपांचे जोड बनवणाऱ्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. हजेरी, रजा, पगाराच्या स्लिपा हे माझं राज्य. राहायला शहापूरला. नव्वद सालानंतरची ती वर्षं. आमच्याकडे कारखाने नुकते कुठे रुजत होते आणि भातशेतीवाल्या घरांतल्या बायका हातात डबा घेऊन शिफ्टला यायला लागल्या होत्या. मावशी पॅकिंगला होत्या. गाव शेणव्याच्या बाजूला. शहापूर-मुरबाड एसटीत मी आधी बसायचो, त्या मागून चढायच्या. वयाने माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, पण सगळा कारखाना त्यांना मावशीच म्हणायचा, मग मीही म्हणू लागलो. त्या मला म्हणायच्या टाइमवाले भाऊ.

पगाराची स्लिप घेऊन माझ्या खिडकीशी येणारा माणूस एकच प्रश्न विचारतो: कमी का आला? मावशी आल्या आणि विम्याच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्ये जातं कुठं?" चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, पण स्लिप शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. मी मोठ्या तोऱ्यात समजावलं. हा विमा आहे, तुम्ही आजारी पडलात, घरचं कुणी आजारी पडलं, तर डॉक्टर मिळतो.

"कुठं मिळतो?"

"कल्याणला."

"आन कापता कुठं?"

"इथे, मुरबाडला."

"मग डॉक्टर बी इथंच पायजे ना भाऊ," मावशी म्हणाल्या. नियमाचं पुस्तक मला पाठ होतं, त्यात हा प्रश्न नव्हता.

त्यांना डॉक्टर कशाला हवा होता, ते मला नंतर कळलं. नवरा दगडाच्या खाणीवर काम करायचा. ते सुटलं, कारण दहा पावलं चालला की धाप लागायची आणि संध्याकाळी पाय सुजायचे. कल्याणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय मोठं झालंय, जोर कमी पडतोय. लघवीच्या गोळ्या कमीजास्त कराव्या लागतील, दर पंधरा दिवसांनी दाखवायचं, खंड पडू द्यायचा नाही. ह्यावर नवऱ्याने मला सांगितलं होतं, "काळीज मोठं झालंय म्हनं. हिच्या संगतीत राहून झालं असंल."

औषध बरोबर होतं, अडचण रस्त्याची होती. गावातून मुरबाड, मुरबाडहून कल्याण, तिथे रांग, आणि तोच प्रवास उलटा. सकाळी निघालेला माणूस अंधार पडता घरी यायचा तो पाय आणखी सुजवून. मावशींचा खाडा पडायचा तो वेगळाच. तिसऱ्या खेपेनंतर नवऱ्याने अंथरुणावरून सांगून टाकलं की आता मी येणार नाही, काय व्हायचं ते घरातच होऊ दे. मावशींनी त्याच्याशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "ते तिकडं जायाचे नाय. मंग डॉक्टरला इकडं आणायला लागंल."

अशी शोधमोहीम सुरू झाली. शहापूर झालं, मुरबाड झालं. मी दोन-तीनदा त्यांच्यासोबत गेलो. मी बरोबर असलो की डॉक्टर लोक नीट बोलतील असा माझा समज होता. तसा काही अनुभव आला नाही. साध्या ताप-खोकल्याला औषध देणारे पुष्कळ होते. हृदयामुळे अंगात साठणारं पाणी सांभाळणारा एमडी डॉक्टर, आणि तोही कार्ड घेणारा, ह्या दोन गोष्टी एका पाटीखाली काही सापडेनात.

शहापूरला एक वयस्कर डॉक्टर भेटले. फार भला माणूस. त्यांनी कार्ड बाजूला सारलं आणि म्हणाले, "मावशी, ह्याच्या भानगडीत मी पडत नाही. पण तुमच्या मिस्टरांना आणा आत. मी तपासतो. तुमच्याकडून एक पैसा घेणार नाही, कधीच."

मला हायसं वाटलं. मी नवऱ्याला उठवायला दारापर्यंत गेलोसुद्धा. तेवढ्यात मावशी कार्ड पिशवीत घालून माझ्या पुढून बाहेर पडल्या. "उपकार झाले सायेब," एवढंच म्हणाल्या.

एसटी स्टँडवर मी त्यांच्यावर भडकलो. खरंच भडकलो. नवरा तुमचा धापा टाकतोय, देवासारखा माणूस दार उघडून उभा आहे, आणि तुम्ही कसला ताठा धरून बसलात, असं बरंच बोललो. नवरा शेजारी बसून ऐकत होता. तो मला म्हणाला, "तुमी सांगून बघा. मी बावीस वर्सं सांगतोय."

मावशींनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "भाऊ, माझा बाप गावकीची कामं करायचा आन सांजच्याला दारोदार फिरून भाकर मागून आणायचा. आमचा समाज बौद्ध झाला तवा त्यानं ते सोडलं. त्या वर्साला आमच्या घरात कैक दिस चूल नाय पेटली. पन तो पुन्यांदा कुनाच्या दारात उभा नाय ऱ्हायला. आता मी कुनाच्या दारात उभी ऱ्हाऊ? माझा पैसा कापलाय, माझा डॉक्टर मला पायजे." आणि त्या पुढे म्हणाल्या, "आन आज त्यांनी आमाला फुकट बघितलं, तर उद्या पॅकिंगच्या पोरींला कोन बघनार?"

राग माझा गेला नव्हता, हे कबूल करतो. बायको-मुलं असलेला कारकून मी. मला तो भला डॉक्टर दिसत होता आणि सुजलेले पाय दिसत होते. मावशींना त्यापलीकडचं काही दिसत होतं, आणि ते मला दिसायला अजून अवकाश होता.

त्याच वर्षी मुरबाडच्या एसटी स्टँडजवळ एका तरुण डॉक्टरने दवाखाना उघडला. पाटीवर एमडी मेडिसिन. मावशींनी पाटी सोमवारी वाचली आणि मंगळवारी कार्ड टेबलावर होतं. डॉक्टरांनी ते वाचलं, उलटं करून पाहिलं. त्यांनी सरळ सांगितलं की विम्याच्या यादीवर यायचं तर मला अर्ज करावा लागेल, कागदपत्रं सांभाळावी लागतील, आणि माझ्या नावावर जितकी कुटुंबं तितकेच पैसे मला वर्षाचे मिळणार. एका कार्डासाठी हे जमणार नाही.

"किती पायजेत?"

डॉक्टर हसले. बहुधा विषय मिटावा म्हणूनच म्हणाले, "आणा दोनशे."

"लिवून द्या," मावशी म्हणाल्या. डॉक्टरांना वाटलं थट्टा चाललीय. मावशी हलल्या नाहीत. शेवटी त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं: दोनशे कार्डधारकांनी मला डॉक्टर म्हणून निवडल्यास मी अर्ज करीन. खाली सही. ती चिठ्ठी मावशींनी मला आणून दिली, ऑफिसात जपून ठेवायला.

आमच्या कारखान्यात कार्डवाले शंभराच्या आत. बाकीचे कुठून आणणार? मावशी शिफ्ट सुटली की शेजारच्या कारखान्यांच्या फाटकांवर उभ्या राहू लागल्या. आठवड्याच्या बाजारात भाजी घेता घेता बायकांना गाठू लागल्या. "गो, तुजं कापतात का? मंग डॉक्टर कुठंशी हाय तुजा?" बायकांना माहीतच नसायचं. कित्येकींची कार्डं ट्रंकेत, साडीच्या घडीखाली, नवीकोरी पडलेली. एका फाटकावर मॅनेजरने हाकललं, युनियन काढताय का म्हणून. मावशी म्हणाल्या, "डॉक्टर काढतोय." पुढच्या दिवशी त्या पुन्हा तिथेच. मी संध्याकाळी मागे थांबून नावांची यादी सुवाच्य अक्षरात उतरवायचो. मालकाला हे आवडलं नसतं, आणि मी काही शूर माणूस नाही, पण यादी माझ्याच अक्षरात आहे हे मी आजही छाती काढून सांगतो.

सहा आठवड्यांत दोनशे चौदा नावं झाली. डॉक्टरांनी यादी पाहिली, आपली चिठ्ठी पाहिली, आणि मुकाट्याने अर्ज भरला.

मंजुरी आली. विमा कचेरीचा एक अधिकारी सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात येणार, प्रत्येक कार्डावर नव्या डॉक्टरचा शिक्का मारणार, डॉक्टर सही करणार, असं ठरलं. मावशींनी सगळ्यांना बजावलं, कार्ड घेऊन या. आणि इथे त्यांनी एक घोळ घातला, ज्यात मीही सामील होतो. स्टँडवर तेव्हा लॅमिनेशनचं दुकान नवीन निघालं होतं. मावशींचा हुकूम सुटला की कार्डं घामाने, पावसाने खराब होतात, शिक्का मारून घ्यायला जायचं तर कार्ड कसं झळझळीत पाहिजे, सगळ्यांनी लॅमिनेट करा. दुकानवाल्याशी बोलून दरही कमी करून घेतला. मला विचारलं, मी म्हणालो, छान कल्पना आहे. रोज कागदावर शिक्के मारणारा मी!

त्या दिवशी दवाखान्यासमोर ही गर्दी. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या. मावशींचं कार्ड पहिलं. कार्डावर त्यांचा आणि नवऱ्याचा जोडीने काढलेला फोटो. अधिकाऱ्याने शिक्का मारला, आणि शाई प्लॅस्टिकवरून घसरली. बोट लावताच पुसून गेली. दुसरं कार्ड, तेच. तिसरं, तेच.

"हे असं कुणी करायला सांगितलं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"मी सांगितलं," मावशी म्हणाल्या. मी मागे उभा होतो आणि मागेच राहिलो.

अधिकारी वाईट नव्हता. त्याने समजावून सांगितलं की कागदावर शिक्का बसल्याशिवाय नोंद धरता येत नाही. सगळ्यांची नवी कार्डं काढावी लागतील. तीन महिने, कदाचित चार. मागून कुणीतरी पुटपुटलं की हिच्या नादी लागून हातचं कार्डही गेलं. बाकावर नवरा बसला होता. त्या महिन्यात त्याची सूज गुडघ्यापर्यंत चढली होती, आणि कल्याणला न जाण्याचा त्याचा हट्ट कायम होता. चार महिने म्हणजे काय, ते मावशींना आणि मला दोघांनाही कळत होतं.

मावशींनी कार्ड उन्हाकडे धरलं. त्याची कड नखाने चाचपली. मग रस्ता ओलांडून समोरच्या इस्त्रीवाल्याकडे गेल्या.

"मावशी, जल जाएगा," इस्त्रीवाला म्हणाला.

"मला नको शिकवू. दिसभर ह्येच करते मी," मावशी म्हणाल्या. आणि ते खरं होतं. पॅकिंगमध्ये पिशव्यांची तोंडं गरम पट्टीने बंद करतात. पिशवी वाकडी चिकटली तर फेकायची नाही, पुन्हा ऊब द्यायची आणि गरम आहे तोवर तिरक्या हाताने सावकाश सोडवायची. थंड झाली की फाटते. हे काम मावशी रोज करत होत्या आणि मी रोज त्यांची फक्त हजेरी मांडत होतो.

कार्डावर सुती फडकं टाकून त्यांनी इस्त्री टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. फडकं काढून कोपरा नखाने सुटा केला आणि प्लॅस्टिक तिरकं ओढायला लागल्या. कागद शाबूत निघाला. फोटोचा मात्र एक टवका प्लॅस्टिकबरोबर गेला.

त्यांनी कार्ड आणून नवऱ्याला दाखवलं. "तुमचा कान गेला."

"बरं झालं," नवरा म्हणाला, "आता तुजं ऐकायला नको."

सगळी गर्दी हसली. अधिकाऱ्याने शिक्का मारला. शाई कागदात मुरली.

मग पॅकिंगच्या बायकांनी पदर खोचले. त्या दिवशी मी आमचं पॅकिंग डिपार्टमेंट पहिल्यांदा नीट पाहिलं. एक इस्त्री टेकवतेय, दुसरी सोडवतेय, तिसरी कार्ड वहीत दाबून सपाट करतेय, चौथी रस्त्यापलीकडे पोचवतेय. दुसऱ्या कारखान्यांच्या बायकांना त्यांनी शिकवलं, इस्त्रीवाल्यालाही कामाला लावलं. अधिकाऱ्याने घड्याळ काढून टेबलावर ठेवलं होतं, ते नंतर खिशात घातलं. दुपारी त्याने बायकांच्या डब्यातली तांदळाची भाकरी खाल्ली आणि पुन्हा शिक्का हातात घेतला. उन्हं कलली तेव्हा सात कार्डं तेवढी वाया गेली होती. त्या सात जणींची नवी कार्डं मावशींनी पुढे स्वतः पाठपुरावा करून आणली.

शेवटचा शिक्का झाल्यावर मावशी नवऱ्याला हाताला धरून डॉक्टरांच्या खोलीत घेऊन गेल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगत सुटलो, ह्या आमच्या कारखान्यातल्या.

पुढे डॉक्टरांनी मावशींना एक गोष्ट शिकवली. नडगीवर अंगठा दाबायचा; खड्डा राहिला तर पाणी साठलंय असं समजायचं. मीठ कमी. मावशींनी घरात सुकी मासळी बंद केली. नवरा दवाखान्यात यायच्या निमित्ताने मुरबाड बाजारात चोरून काहीतरी खारट खायचा. रात्री मावशी अंगठा दाबायच्या. "खड्डा हाय. सुका बोंबील कुनी दिला?" एकदा तो मी दिलेला होता. दुसऱ्या दिवशी एसटीत मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत.

असा तो माणूस, ज्याने अंथरुणावर हात टेकले होते, नऊ वर्षं जगला. नातवाला खांद्यावर घेऊन विहारापर्यंत चालत गेला. आणि त्या नऊ वर्षांत आमच्या एमआयडीसीतल्या किती घरांनी त्या दवाखान्याची पायरी चढली, ती मोजदाद मी केलेली नाही. माझा पगार तोवर विम्याच्या मर्यादेबाहेर गेला होता. मला रक्तदाब निघाला, मी त्याच डॉक्टरांकडे फी देऊन जायचो. मावशी बाकावरून मला चिडवायच्या, "काय भाऊ, तुमचं कार्ड नाय चालत का?"

आता मावशी नाहीत. निवृत्त होऊन त्या कसाऱ्याला मुलीकडे गेल्या आणि तिथेच गेल्या. मला चार दिवसांनी कळलं. मी गेलो तेव्हा मुलीने चहा केला, आम्ही दोघं त्यांच्याविषयी बोलता बोलता हसत राहिलो, आणि परतीच्या गाडीत मला रडू आलं.

माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या नवरा गेल्यानंतरच्या. एके दिवशी मी दवाखान्यात आत बसलो होतो, डॉक्टर माझा रक्तदाब घेत होते. मावशी आल्या. डॉक्टर उठून उभे राहिले. त्यांना काही बोलायचं होतं, पण मावशींनीच आधी तोंड उघडलं. म्हणाल्या, "त्यांचं नाव काढा यादीतून. गेल्या माणसाची जागा कशाला अडवायची?"

डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं, पान काढलं. पेन हातात घेतलं आणि तसेच थांबले. नऊ वर्षं दर पंधरवड्याला तपासलेला माणूस तो. मावशींनी थोडी वाट पाहिली. मग त्यांच्या हातातून पेन घेतलं, नवऱ्याचं नाव बोट लावून वाचलं आणि त्यावर सावकाश एक रेघ मारली. पेनाला टोपण लावून ते डॉक्टरांपुढे ठेवलं.

त्याच्या वरच्या ओळीत त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्यापुढचे तारखांचे रकाने नऊ वर्षं कोरे होते. मावशींनी ते पाहिलं. मग मला म्हणाल्या, "भाऊ, जरा उठा."

मी उठलो. त्या पेशंटच्या खुर्चीवर बसल्या, साडी घोट्यापासून थोडी वर घेतली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "आता माजं बघा. गुडघा लय दुखतोय."